कुंपणापलीकडचा जाळ

“ठिणगीला कुंपण दिसतं का, मॅडम?”

सुतार उभा राहिला तशी शाळेच्या हॉलमधली कुजबुज थांबली. वनखात्याच्या अधिकारी बाईंनी खडू खाली ठेवला. फळ्यावर त्यांनी वस्तीमागचं जंगल काढलं होतं. आधी दाट झाडं विरळ करायची, मग कुंपणालगतच्या पट्ट्यातला वाळका पाला आपणच, माणसं उभी करून, जाळून टाकायचा. उन्हाळ्यात वणवा लागलाच तर त्या पट्ट्यात त्याला खायला काही उरणार नाही.

“दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आमची माणसं पाणी घेऊन उभी राहतील. वारा फिरला की काम बंद.”

“आणि बंद होईतो घर पेटलं तर? माझं घर जंगलाला पाठ लावून आहे. सगळं लाकडाचं. एकेक फळी मी स्वतः रंधा मारून बसवलीय.”

मागून टाळ्या पडल्या. कुणी धुराचं विचारलं, कुणी म्हाताऱ्या माणसांचं. बाई आवाज न चढवता उत्तरं देत राहिल्या. त्या जितक्या शांत, तितका सुतार आतून अस्वस्थ होत गेला.

झाडं विरळ झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता पलीकडचा उतार उघडा दिसायचा, आणि त्यावर साचलेला पाला. इतकी वर्षं तो तिथेच होता, पण दिसत नव्हता. आता सुताराला दुसरं काही दिसेना. जेवताना मध्येच उठून तो खिडकीशी जायचा.

“अहो, घास तरी गिळा,” बायको म्हणायची.

त्याने छपराच्या आढ्यावर भोकं पाडलेला पाईप बांधला. तो मागच्या कामाच्या शेडमधल्या मोटरला जोडला. बटण दाबलं की छपरावरून चारी बाजूंना पाणी ओघळायचं. तो अंगणात उभा राहून ते पुन्हा पुन्हा बघायचा.

“घराला आंघोळ घालतोयस,” आई ओट्यावरून म्हणाली, “आणि स्वतः दोन दिवस पारोसा फिरतोयस.”

बायको हसली. त्याला हसू आलं नाही.

जाळायच्या दिवशी घर सोडायची कुणावर सक्ती नव्हती. दारं-खिडक्या लावून आत बसा, एवढंच खात्याने सांगितलं होतं. पण आईला दमा होता. बायकोने बहिणीला फोन केला आणि सकाळीच तिघांनी शहरात तिच्याकडे जायचं ठरलं.

निघताना सुताराने मोटर चालू केली, शेडला कुलूप लावलं, छपरावरची धार पाहिली. गाडीत बसला आणि पुन्हा उतरला.

“आता काय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. एकदा बघून येतो.”

“अरे, घर काही पळून जात नाही,” आई म्हणाली. “चल.”

मेहुणीचं घर उंचावर होतं. बाल्कनीतून डोंगर दिसायचा. थोड्या वेळाने तिकडे करडा धूर उठला. आधी एक बारीक रेघ, मग आडवा, रुंद पडदा. सुताराने कठडा घट्ट धरला.

“भाऊजी, चहा.”

“ठेव.”

चहा निवला. मेहुणीने दुसरा आणला, तोही निवला. तो सारखा शेजाऱ्याला फोन करत होता. शेजारी कुठे न जाता वस्तीत आपल्या घरातच थांबला होता.

“माझं छप्पर दिसतंय का?”

“दिसतंय रे बाबा. पाणी पण पडतंय. तू मला खिडकी उघडायला लावतोस, धूर आत येतो.”

“वारा?”

“डोंगराकडेच आहे. आता ठेव.”

त्याने ठेवला आणि लगेच वाटलं, अजून काहीतरी विचारायचं राहिलं. तो बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी अशा फेऱ्या मारत राहिला. शेवटी आईने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. लहानपणी ताप आला की बसवायची तसं.

दुपारी धुराचा पडदा फाटत गेला. मग शेजाऱ्याचाच फोन आला. पट्टा जाळून झाला होता. एक ठिणगीसुद्धा कुंपणाच्या अलीकडे आली नव्हती. खात्याची माणसं आता निखाऱ्यांवर पाणी मारत फिरत होती आणि शेजारी डुलकी काढायला चालला होता.

सुताराने फोन खिशात टाकला. मग एकदम हसला, इतक्या मोठ्याने की मेहुणी स्वयंपाकघरातून धावत आली. त्याला कडकडून भूक लागली होती. तो पोटभर जेवला, आईची थट्टा केली. बायको म्हणाली, “सभेत त्या बाईंना किती बोललात तुम्ही.”

“बोललो खरा. उद्या जाऊन माफी मागतो.”

हात धुतो न धुतो तोच फोन वाजला. अधिकारी बाईच होत्या.

“मॅडम, तुमचीच आठवण काढत होतो,” तो घाईघाईने म्हणाला. “त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. तुमच्या माणसांनी काम अगदी चोख केलं. मनावर घेऊ नका.”

 पलीकडून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“तुमच्या घरात आता कुणी नाही ना?” बाईंनी विचारलं. “सगळे बाहेर आहात?”

“सगळे इथेच आहोत. का?”

“सकाळपासून चालून तुमच्या शेडमधली मोटर जळाली. तिथल्या भुशाने पेट घेतला. आमची माणसं जवळच होती, लगेच धावली. शेजारची घरं वाचली, पण तुमचं...” त्या थांबल्या. “सगळंच लाकूड हो. काही हाती लागलं नाही.”

 बायको त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. सुताराने कसाबसा एकच शब्द विचारला.

“जंगल?”

“जंगलाला काही झालं नाही,” बाई म्हणाल्या. “सकाळी तो पट्टा जाळला नसता, तर तुमच्या घरापासून त्याला कुणी वाचवू शकलं नसतं.”