वळणावरचा पाय

"बैस आता, की भटजींना मुहूर्त विचारू?" दत्ताराम हसत म्हणाला, पण सुमतीचा हात कुबडीवरून सुटेना. अंगणातली गाडी चार चाकांची होती खरी, तरी तिचा दिवा आणि टाकी त्याच मोटारसायकलची होती, जिच्यावरून दोघे पडले आणि सुमतीचा पाय कायमचा लुळा झाला. तिला पुन्हा बाहेर नेता यावे म्हणून नवऱ्याने पावसाळाभर पडवीत लोखंड कापले, जोडले. त्याला नाही म्हणणे तिच्या जिवावर आले.

गाडी उताराला लागली तशी सुमतीने मागच्या बाकाची कड घट्ट धरली. पुढे पिंपळाचे वळण होते. ते पडले ते तिथेच. वळण येताच सवयीने तिचे अंग झुकले. गाडी मात्र झुकली नाही.

"अहो, हळू!"

दत्तारामच्या मानेवरून घाम निथळत होता. सुमतीने खाली पाहिले. तोल सावरायला त्याने मोटारसायकलच्या सवयीने पाय बाहेर काढून रस्त्याला टेकवला होता, आणि मागचे चाक त्याच्या टाचेला भिडत आले होते.

"पाय आत घ्या!" ती किंचाळली आणि कुबडीनेच तिने त्याची पोटरी आत लोटली.

गाडी थांबली. "मला वाटलं, तू पुन्हा पडतेस," तो कसाबसा म्हणाला.

"चार चाकं तुम्हीच लावलीत ना?"

मग वाटेतल्या दर वळणाला तिने ती कुबडी त्याच्या पायाला अडसर म्हणून आडवी धरली.