टिकलीखालचा दिवा

सकाळी साडेआठला, फोंडा घाटाच्या पायथ्याशी, विश्राम धुरींच्या नव्या गाडीत टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. साडेबाराला कोल्हापुरात भाचीचं लग्न होतं. तिला मांडवात आणायचा मान मामा म्हणून धुरींचा होता.

"समोर पंप आहे, हवा भरून घ्या," बायको म्हणाली.

"सेन्सरचे चोचले आहेत. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी."

पंप मागे पडला. दिवा मात्र डोळ्यांत खुपू लागला, तसा धुरींनी हात पुढे केला. "तुझी टिकली दे." तिने कपाळावरची काढून दिली. त्यांनी ती दिव्यावर चिकटवली. "बघ, झाला दुरुस्त!"

अर्धा घाट चढल्यावर मागचा टायर पार बसला. धुरींनी आधी रस्त्याला, मग सरकारला शिव्या घातल्या आणि डिकीतून स्टेपनी काढली. तिच्यातही हवा नव्हती.

बायकोने टिकली काढून पुन्हा कपाळाला लावली, आहेराची पिशवी घेतली आणि येणाऱ्या एसटीला हात केला. "चला."

"नवी गाडी घाटात टाकून?"

"मग सांभाळा गाडी. भाचीला मामी आणेल."

"अगं, पण मान माझा आहे!"

एसटी निघून गेली.

साडेबारा वाजले तेव्हा धुरी कठड्यावर बसून होते. गाडीची किल्ली फिरवली की दिवा अजून पिवळाच लागत होता. बहिणीचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता आणि त्यांनी तो अजून उचललेला नव्हता.