त्याच्या आधीचं

बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या व्यसनमुक्ती केंद्रातून नव्वद दिवसांनी नंदू बाहेर आला, तेव्हा सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. थोरले भाऊ जयसिंगराव न्यायला आले होते. समुपदेशक श्रीविद्या मॅडमनी त्यांना दारातच बाजूला घेऊन बजावलं होतं, की इतक्यात जुने दिवस काढू नका. दारू सुटते, तिच्या गोड आठवणी सुटत नाहीत. जयसिंगरावांनी मान डोलावली. मग दोघा भावांनी बोलायचं तरी काय, असं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं.

बसला वेळ होता. कोपऱ्यावरच्या दर्शिनी उपाहारगृहात दोघांनी उभ्याउभ्या इडली खाल्ली. कॉफी आली. नंदूनं पेला दोन्ही हातांनी धरला, तरी थोडी सांडलीच.

ते पाहवेना म्हणून जयसिंगराव बोलले, "जे. पी. नगरातली आपली खोली आठवते का रे?"

नंदू हसला. तो हसला म्हटल्यावर जयसिंगराव सुटलेच. निपाणीहून एक ट्रंक घेऊन आलेले दोघे, गच्चीवर रंगलेला कॅरम, नंदी हिल्सला स्कूटरवरून काढलेली सहल, नंदूच्या नोकरीचं पत्र आलं तो दिवस. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं, की बाटली सगळीकडेच आहे. कॅरमच्या स्टुलाखाली आहे, स्कूटरच्या डिकीत आहे. नंदूच्या डोळ्यांत चमक आली होती. तो ओठांवरून जीभ फिरवत होता.

जयसिंगराव मध्येच थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पत्र आलं त्या दिवशी तुझा पहिला ग्लास मीच भरला होता."

हे ते आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. नंदूची बायको उल्का कायमची माहेरी निघून गेली, तेव्हाही नाही.

नंदूनं पेला खाली ठेवला. "तू दोन घेऊन झोपायचास, अण्णा. मला थांबताच यायचं नाही. त्यात तुझं काय?" जरा वेळानं म्हणाला, "त्याच्या आधीचं काही सांग की."

जयसिंगराव आठवू लागले. बंगळूर मागं टाकून, कॉलेज मागं टाकून बरंच लांब जावं लागलं. शेवटी मळ्यातली विहीर सापडली. नंदू सात वर्षांचा. पाठीला डबा बांधलेला, तरी पायरी सोडत नव्हता. जयसिंगरावांनी हळूच डबा सोडला आणि पाण्याखालून त्याच्या पोटाला तळहात लावला. नंदू हात मारत मारत पार पलीकडच्या कडेला गेला. मग आईला हाका मारून सांगत सुटला, मला पोहता येतं म्हणून.

"तुझा हात होता?" नंदूनं विचारलं. इतकी वर्षं त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"मध्यापर्यंत होता. पुढं काढून घेतला होता."

बस आली, गेली. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"अजून एक," नंदू म्हणाला.

जयसिंगराव दचकले. इतकी वर्षं हे शब्द नंदूच्या रिकाम्या ग्लासाबरोबरच ऐकायची सवय होती.

नंदूनं ते पाहिलं. "मळ्यातलीच सांग," तो म्हणाला.