म्हशीचं हसू

बेर्तोने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोन वर्षं घासून एका ॲनिमेशन सिनेमातली म्हैस काढली. फिएस्टाच्या जत्रेत गाण्याच्या स्पर्धेत उतरलेली म्हैस! हरते, आणि उताणी पडून, चारही पाय झाडत, एकुलता एक दात दाखवत हसते. ते हसू जमावं म्हणून बेर्तो आरशासमोर तासन्‌तास स्वतः हसून बघायचा. पोट दुखेपर्यंत हसवणारा सिनेमा, पण मनिलाच्या थिएटरात आठवडाभरही टिकला नाही.

आता तो फोनवर फुकट आहे. घरच्या ग्रुपवर मी सतरांदा टाकला. कुणी उघडेल तर शपथ!

"कार्टूनच ना गं?" माझे थोरले दीर म्हणाले. "पोरांना दाखवतो." पोरांनाही दाखवला नाही.

काल बेर्तो म्हणाला, "जाऊ दे. मीपण दादासारखी जहाजावर नोकरी धरतो." माझं डोकंच सणकलं. ग्रुपवर लिहिलं, "रविवारी पान्सितच्या शेवया चापायला बरे सगळे जमता! बेर्तोचं काम तुमच्यापैकी एकाने तरी कधी बघितलंय का?"

सासूबाईंचं उत्तर लगेच आलं. शब्द एकही नाही. नुसता स्टिकर, अख्खं घर एकमेकांना रोज पाठवतं तोच.



उताणी पडून, चारही पाय झाडत, एकुलता एक दात दाखवत हसणारी म्हैस.