हँडब्रेक

अकोल्यात तेव्हा कचरा उचलायला नगरपालिकेची एकच लॉरी होती. माझे वडील देवराव ती चालवायचे. तिचा हँडब्रेक मोडला होता आणि नवा मुंबईहून यायचा होता. तोवर उतारावर लॉरी थांबवायची झाली, की झाडूवाली माझी माय मागून धावत जाऊन चाकामागे लाकडी ठोकळा लावायची.

"साहेब, ब्रेक काहून नाई येऊन राह्यला?" वडिलांनी सफाई इन्स्पेक्टरला विचारले.

"मागणी गेली ना बाप्पा! कमिटी बसंन, मंग मंजुरी भेटंन. अन् तुयं काम कुठं अडलं?"

माय हसली. "काई नाई अडत, साहेब. नवऱ्यानं चालवाची अन् बायकोनं थांबवाची. आमचं घरबी तसंच चालते."

पावसाळ्यात मोर्णा नदीच्या उतारावर चिखल झाला. ठोकळा सरकला आणि भरलेली लॉरी मागे, मायच्या अंगावर आली.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर घरी आले. वडील धडपडत उठले. "आला का ब्रेक, साहेब?"

"त्याले टाइम लागते, देवराव." त्यांनी चुलीपाशी बसलेल्या माझ्याकडे पाहिले. "पोरगी मोठी झाली तुयी. मायच्या जागेवर तिले लावून टाकू. उद्यापासून पाठव."

घरात खाणारी आम्ही पाच जणं होतो.

सकाळी लॉरीत चढण्याआधी ते माझ्याजवळ आले.

"उतारावर गाडी थांबली का चाकाकडं पाह्यजो, बाई. माह्याकडं नोको पाहू. तुयी माय पाहे."