निळ्या घोड्याचे गुण

स्नेजानाने चित्र टेबलावर आपटलं. "हे तुमचं शिकवणं?"

देनित्साबाई वर्गातले रंगाचे डबे धूत होत्या. हात पुसत त्या जवळ आल्या. कागदावर एक निळा घोडा खुर्चीत बसून चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा खात होता. त्याच्या पोटावर जाड लाल शाईत लिहिलं होतं, 'घोडे निळे नसतात. घोडे खुर्चीत बसत नाहीत.' खाली गुण, सहापैकी दोन. म्हणजे नापास.

"आठ वर्षांची आहे माझी कालिना," स्नेजाना म्हणाली. "आज सकाळी हे माझ्यापुढे धरलं आणि मुकाट उभी राहिली. तशीच घेऊन आलेय तिला. मलाही चौथीत अशीच एक बाई भेटली होती. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. आज नकाशांच्या कचेरीत लोकांच्या रेघा तपासत बसते. शिसारी येते मला तुमच्यासारख्यांची."

बाई रागावल्या नाहीत. "चित्रांना मी गुण देतच नाही, ताई. आणि अक्षर जरा नीट बघा."

त्यांनी कपाटातून कालिनाची बाकीची चित्रं काढली. चष्मा लावलेली कोंबडी. छपरावर नांगर टाकलेलं जहाज. मिशीवाला सूर्य. सगळ्यांवर तीच लाल शाई आणि तीच मोठाली, ओबडधोबड अक्षरं. सूर्याखाली लिहिलं होतं, 'काय हा गबाळेपणा.'

स्नेजाना चपापली. हे वाक्य तिचं होतं. स्वयंपाकघरात, अंघोळीच्या वेळी, गृहपाठाच्या वहीवर ती दिवसातून दहादा तेच म्हणायची.

कालिना कोट घालून दाराशी उभी होती.

"हे कुणी लिहिलं गं?" स्नेजानाने तिला विचारलं.

"मीच." पोरीच्या आवाजात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. "तू दमून येतेस ना. मग चुका शोधत बसावं लागतं तुला. म्हणून मीच आधी लिहून ठेवते."

बाई पुन्हा डब्यांकडे वळल्या. स्नेजाना लेकीपुढे गुडघ्यांवर बसली. घोडा छान आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि जिभेवर आलं, 'खुर्चीला चौथा पाय कुठाय?'

तिने ओठ घट्ट मिटले. स्वतःच्याच तोंडाची तिला किळस आली.