ढग आल्यावरही

तळा गावातल्या घराच्या ओटीवर काशीबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या आणि संशोधक झालेली त्यांची लेक शिवानी आपले काम समजावून सांगत होती.

"कडक उन्हात होरपळू नये म्हणून भाताचं पान जास्तीचा प्रकाश नाकारतं, आई. पुढे ढग येतो, धोका टळतो, तरी ते बराच वेळ अंग चोरूनच राहतं. तेवढ्या वेळात अन्न कमी तयार होतं आणि पीक घटतं."

"खुळं हाय गो तुझं पान! ऊन गेलं म्हणून त्याला कोणी सांगत न्हाय व्हय?"

"तेच आम्ही केलं. त्याच्या जनुकांत बदल केला. आता ते लवकर सावरतं."

"माझी पोर हुशार!" काशीबाई मनापासून हसल्या.

त्यांच्या केसांत अडकलेले तूस काढण्यासाठी शिवानीने हात उचलला. त्याच क्षणी सूप खाली पडले. काशीबाईंनी मान खाली घालून दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले होते.

"आई, मी आहे गं," शिवानी कशीबशी म्हणाली. "बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."